पाप मालकाचं आणि संशय किल्ल्यांवालीवर

गेल्या महिन्यात भुताटकीच्या गोष्टींतल्या घरांवर दोन प्रश्न घेतले होते, त्यावर इतकी पत्रं आली की बसच. आणि गंमत म्हणजे बरीचशी घरांबद्दल नाहीत, घरात वावरणाऱ्या त्या काळ्या कपड्यातल्या बाईबद्दल आहेत. दार उघडते, हसत नाही, सगळं माहीत असतं, ती. तर यावेळचा कॉलम तिलाच दिलाय. गोष्टींचे शेवट सांगावे लागणारेत मधेमधे, तेव्हा ज्यांनी 'रेबेका' वाचायची बाकी ठेवलीये त्यांनी आत्ताच पान उलटा, नंतर मला बोल लावू नका.

प्रश्न : हाउसकीपर म्हणजे आपली मोलकरीणच ना? मग तिला एवढं घाबरायचं काय? मराठीत नेमका शब्द कुठला वापरायचा? (एक वाचक, सांगली)

नाही हो, मोलकरीण नाही. इथेच सगळी गडबड होते. इंग्लंडातल्या मोठ्या हवेल्यांमध्ये एकोणिसाव्या शतकात हाउसकीपर म्हणजे घरातल्या सगळ्या बायका-नोकरांची मुख्य. केर काढणाऱ्या, बिछाने घालणाऱ्या मुली तिच्या हाताखाली. कोठीघराच्या, चादरींच्या कपाटाच्या, चहा-साखरेच्या किल्ल्या तिच्या कमरेला. लग्न झालेलं असो नसो, तिला 'मिसेस' म्हणायचं हा रिवाज, म्हणून या सगळ्या कादंबऱ्यांमध्ये मिसेस अमुक आणि मिसेस तमुक असतात आणि त्यांचा मिस्टर कुठेच दिसत नाही. मराठीत कारभारीण म्हणावं तर खेड्यात नवरा बायकोलाच कारभारीण म्हणतो, त्यामुळे मी आपली हाउसकीपरच म्हणते.

घाबरायचं कशाला ते सांगते. इझाबेला बीटन नावाच्या बाईंनी 1861 साली घर कसं चालवावं यावर एक जाडजूड पुस्तक काढलं, त्या काळच्या इंग्लिश मध्यमवर्गाची पोथीच ती. त्यात हाउसकीपरने स्वतःला मालकिणीची थेट प्रतिनिधी समजावं असं स्पष्ट लिहिलंय. आता हे वाक्य जरा घोळवून बघा. मालकीण जिवंत आहे तोवर ठीक. पण मालकीण मेली तर ही प्रतिनिधी कोणाची? आणि वर मालकाने दुसरी बायको करून आणली तर? भुताच्या गोष्टीला अजून काय लागतं, सांगा.

प्रश्न : 'रेबेका'मधली मिसेस डॅनव्हर्स बघून झोप उडाली. पण प्रत्येक जुन्या गॉथिक कथेत हाउसकीपर ही खलनायिकाच का? ही पद्धत कधी सुरू झाली? (पुण्याहून एक वाचक, सोबत तीन पानी पत्र)

तुमचं तीन पानी पत्र पूर्ण वाचलं आणि आवडलं, पण एक गोष्ट मला पटली नाही, ती म्हणजे 'प्रत्येक' हा शब्द. जुन्या गॉथिक कथा, म्हणजे जुने वाडे, बंद खोल्या आणि गुपितं असलेल्या इंग्रजी भयकथा, काढून बघितल्या ना तर हाउसकीपर बहुतेक ठिकाणी बिचारी चांगलीच निघते. घाबरट, बोलघेवडी, हळवी. खलनायिका ती बऱ्याच उशिरा झाली, आणि एकदा झाल्यावर मग आपण मागच्या सगळ्यांकडेही त्याच नजरेने बघायला लागलो.

अॅन रॅडक्लिफ यांची 'द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो' 1794 ची. त्यात डोरोथे नावाची म्हातारी हाउसकीपर आहे. वीसेक वर्षांपूर्वी वारलेल्या मालकिणीची खोली तेव्हापासून बंद. ही डोरोथे रात्री दिवा घेऊन नायिकेला, एमिलीला, तिथे घेऊन जाते. मालकिणीच्या वस्तू पडल्यात तशाच आहेत, आणि एमिलीचा चेहरा त्या मेलेल्या मालकिणीसारखा दिसतो म्हणून डोरोथे तिथलीच काळी ओढणी उचलते आणि तिच्या अंगावर टाकून बघते. प्रेमाने हं, डोळ्यांत पाणी आणून. दुष्टपणा अजिबात नाही. एमिलीला मात्र कापरं भरतं, आणि वाचणाऱ्यालाही.

आता 144 वर्षं पुढे या. 1938. डाफ्ने ड्यू मॉरिए यांची 'रेबेका'. तीच बंद खोली, तीच मेलेली मालकीण, तेच कपडे, तीच हाउसकीपर किल्ली घेऊन. मिसेस डॅनव्हर्स नव्या बायकोला रेबेकाची खोली दाखवते, तिचा नाइटड्रेस, तिचे ब्रश, सगळं रोज झाडूनपुसून ठेवलेलं, जणू आत्ता बाई आंघोळीहून येतील. सीन तोच, फक्त प्रेम आता मेलेल्या बाईवर आहे आणि समोरच्या जिवंत मुलीवर नाही. एवढ्या एका फरकाने डोरोथेची डॅनव्हर्स झाली असं मला वाटतं.

मधली पायरी म्हणजे 1847. त्या एका वर्षात ब्राँटे बहिणींनी दोन हाउसकीपर दिल्या. 'जेन एअर'मधली मिसेस फेअरफॅक्स इतकी सालस आहे की जेन आधी तिलाच घराची मालकीण समजते. पण त्याच घरात तिसऱ्या मजल्यावर ग्रेस पूल नावाची नोकराणी आहे, रात्री कुणीतरी भेसूर हसतं, आग लागते, आणि जेनला वाटतं हे ग्रेसचंच काम, मग ही बाई अजून नोकरीवर कशी आणि तिला एवढा चांगला पगार का? वाचकालाही तेच वाटत राहतं. खरं काय असतं? माळ्यावर मालकाने, म्हणजे रॉचेस्टरने, आपली पहिली बायको कोंडून ठेवलीये आणि ग्रेस बिचारी तिला सांभाळायचे पैसे घेतीये. म्हणजे भानगड रॉचेस्टर साहेबांची, आणि शेकडो पानं बदनाम कोण, तर ग्रेस. दुसरी 'वदरिंग हाइट्स'ची नेली डीन, जी अख्खी गोष्ट आपल्याला सांगते. ती तर वरवर पाहता गोष्टीतली सगळ्यात शहाणी बाई. पण 1958 साली जेम्स हॅफ्ली नावाच्या समीक्षकाने एक लेख लिहून सांगितलं की या कादंबरीची खरी खलनायिका नेलीच. चिठ्ठ्या लपवते, हवं तेव्हा सांगते, हवं तेव्हा गप्प बसते, त्यामुळे सगळा सत्यानाश. वाचायला मजा येते पण मला तो लेख पटत नाही. त्यातला सूडाने पेटलेला नायक हीथक्लिफ माणसांची आयुष्यं नासवतो ते सगळ्यांना दिसतं, तरी बोट शेवटी नोकरमाणसाकडेच.

आणि 'रेबेका'त तर कहर आहे. (इथून पुढे शेवट सांगतेय, परत एकदा सावध करते.) कादंबरीत खून कोणी केलाय? नवऱ्याने. मॅक्सिमने रेबेकाला गोळी घातलीये, प्रेत बोटीत घालून समुद्रात बुडवलंय. हे कळल्यावर नवी बायको काय करते? तिला हायसं वाटतं, कारण त्याचं रेबेकावर प्रेम नव्हतं! आणि आपणही तिच्यासोबत मॅक्सिम सुटावा म्हणून देव पाण्यात घालून बसतो. हिचकॉकने 1940 साली सिनेमा काढला तेव्हा हॉलिवूडच्या नियमावलीत बसेना, बायकोचा खून करून माणूस मोकळा सुटतोय असं दाखवता येत नव्हतं, म्हणून तिथे तो मृत्यू अपघाती केला. खुनी नवरा असा धुऊन निघाला. डॅनव्हर्सला मात्र पडद्यावर घर पेटवून त्यातच जाळलीये. कादंबरीत ती जळत नाही, उलट आग लागायच्या आधीच सामान आवरून निघून गेलेली असते, आणि आग कोणी लावली ते धड सांगितलेलंही नाही. विचारा कुणालाही, 'रेबेका'तला व्हिलन कोण? दहातले नऊ जण डॅनव्हर्सचं नाव घेतील.

म्हणजे ती गरीब गाय आहे असं माझं म्हणणं नाही. नव्या नवरीला फसवून रेबेकाने घातला होता तसाच ड्रेस पार्टीला घालायला लावते, आणि दुसऱ्या दिवशी उघड्या खिडकीपाशी उभं करून, खाली धुकं दिसतंय, हळू आवाजात उडी मार म्हणून सुचवत राहते. हे भयंकरच आहे. पण तुमची झोप उडाली ती त्या खिडकीमुळे असं तुम्ही लिहिलंय, माझी ती एका कागदामुळे उडाली होती. सकाळी स्वयंपाकाचा मेन्यू नव्या बाईंकडे मंजुरीला येतो. सगळं लिहिलेलं, फक्त सॉसची जागा कोरी. कारण आधीच्या बाईसाहेब सॉसच्या बाबतीत फार चोखंदळ होत्या, तर आपली काय आज्ञा? या पोरीला सॉसमधलं ओ की ठो कळत नाही. ती म्हणते, मिसेस डी विंटरनी जो सांगितला असता तोच करा. झालं! स्वतः मिसेस डी विंटर असून असं म्हणते. त्याच्या जरा आधी घरातला फोन वाजतो, कुणीतरी मिसेस डी विंटरना विचारतं, आणि ही घाबरून सांगते की तुमची काहीतरी चूक होतेय, त्यांना जाऊन वर्ष झालं. पलीकडे डॅनव्हर्सच असते, त्या मेन्यूसाठी. या घरात भूत नाहीचे, गरजच नाही, नव्या सुनेने स्वतःच्या तोंडाने स्वतःला मेलेलं घोषित केलंय.

ज्या मुली लग्न होऊन भरल्या घरात गेल्यात त्यांना हे समजावून सांगायला नको. आमटीत गूळ किती, हे विचारायची पण चोरी. चिनी मातीची छोटी मूर्ती हातून फुटते तर ती नायिका तुकडे ड्रॉवरमध्ये मागे लपवते, मग चोरीचा आळ एका नोकरावर येतो आणि शेवटी हिला, म्हणजे घरच्या मालकिणीलाच, सगळ्यांसमोर कबूल करावं लागतं की मी फोडली. स्वतःच्याच घरातली वस्तू! ड्यू मॉरिएबाईंनी ही कादंबरी लिहायला घेतली तेव्हा त्या इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला होत्या, नवरा लष्करी अधिकारी, पोस्टिंग तिकडे, आणि जीव सगळा कॉर्नवॉलकडे लागलेला. ती परकेपणाची भावना पानापानावर आहे.

प्रश्न : आपल्याकडे अशी बाई का नाही? हिंदी-मराठी हॉररमध्ये नुसते कंदीलवाले रामूकाका. (नाशिक)

आहे ना, आणि ती तुमच्याच जिल्ह्यातली आहे! 1964 चा 'कोहरा' बघा. बिरेन नाग यांचा सिनेमा, हेमंतकुमारांचं संगीत, वहिदा रेहमान नवी नवरी, विश्वजीत नवरा. सरळ 'रेबेका'वर बेतलेला. त्यात डॅनव्हर्सच्या जागी आहेत ललिता पवार, जन्म येवल्याचा. 1942 साली एका शूटिंगमध्ये जोरात थप्पड बसून त्यांच्या चेहऱ्यावरून वारं गेलं आणि डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला, हे बहुतेकांना माहितीये. त्यांनी तो डोळा पुढे असा काही वापरला की बोलायची सोय नाही.

पण मला 'कोहरा'तलं जास्त इंटरेस्टिंग काय वाटतं तर त्यांनी हाउसकीपर हा हुद्दाच काढून टाकलाय. पात्राचं नाव दाईमाँ. पगारी बाई एवढा जीव टाकेल हे आपल्या प्रेक्षकाला पटलं नसतं, म्हणून नातं दुधाचं, अंगाखांद्यावर खेळवल्याचं करून टाकलं. आणि हे मूळ कादंबरीला सोडूनही नाही बरं का, कारण डॅनव्हर्स रेबेकाला लहानपणापासून ओळखत असते आणि लग्नानंतर तिच्यासोबतच नवऱ्याच्या वाड्यावर, मँडरलीत, येते. आपल्याकडे याला सरळ शब्द आहे, पाठराखीण. नवरीबरोबर सासरी जाते ती. फक्त आपली पाठराखीण चार दिवस पाहुणचार झोडून परत जाते, ही गेलीच नाही. नवरी मेली तरी गेली नाही.

पाठराखीण म्हटलं की मला मंथरा आठवते. वाल्मीकींनी तिची ओळखच कैकेयीच्या माहेरची दासी म्हणून करून दिलीये, तिच्यासोबत राहणारी. गच्चीवर चढते, अयोध्या सजलेली बघते, आणि खाली येऊन मालकिणीचे कान भरते. आता वर कोणी दिले होते? दशरथाने. मागितले कोणी? कैकेयीने. आणि आजही गावात कुणी घर फोडलं तर नाव कोणाचं निघतं? मंथरेचं. ग्रेस पूलचीच गत. आणि योगायोग असा की 1987 मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागरांचं 'रामायण' लागलं तेव्हा मंथरा कोण होत्या? ललिता पवारच. दाईमाँ आणि मंथरा एकाच बाईने कराव्यात हे मला तर अगदी बरोबर वाटतं, भले ते ठरवून झालेलं नसेल.

मग वाड्याच्या गोष्टींमध्ये अशी बाई फारशी का नाही? माझा अंदाज सांगते. आपल्या वाड्यात किल्ल्या पगारी बाईकडे गेल्याच नाहीत. त्या सासूकडे, नाहीतर घरातल्या विधवा आत्याकडे. माझ्या आजोळी लोणच्याच्या फडताळाची किल्ली आजोबांच्या आत्याकडे असायची, लाल आलवणातली, डोक्यावरून पदर, चालताना पावलांचा आवाज नाही, पण तुम्ही फडताळाला हात लावला की मागे उभी. आम्ही पोरं तिला भुतापेक्षा जास्त घाबरायचो. मोठं झाल्यावर कळलं की नवव्या वर्षी विधवा होऊन ती परत आलेली, आणि त्या अख्ख्या वाड्यात तिच्या मालकीची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती किल्ली, तीसुद्धा दुसऱ्याच्या कपाटाची. हे पात्र मराठीत कोणी नीट भयकथेत आणलं तर मला कळवा, मी शोधतेय. नोकर म्हणून आपल्याकडे येतो तो पुरुषच येतो, कंदीलवाला नाहीतर 'रात्रीस खेळ चाले'मधल्या पांडूसारखा, 'इसारलंय' म्हणणारा. तो घाबरवतो पण त्याच्याकडे किल्ल्या नसतात.

प्रश्न : दिवाळी अंकासाठी भयकथा लिहितेय, त्यात अशी एक केअरटेकर बाई आहे. ती भीतीदायक कशी करू? (ठाणे)

आधी तिचं ते खदाखदा हसणं काढून टाका. खरंच. तिला काम करू दे. शर्ली जॅक्सन यांच्या 1959 च्या 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस'मधली मिसेस डडली बघा, ती फक्त टाइमटेबल सांगते. नाश्ता नऊला, रात्रीचं जेवण सहाला मांडून ठेवते, अंधार पडायच्या आत मी जाते, आम्ही सहा मैलांवर गावात राहतो, रात्री हाक मारली तर ऐकायला इथे कोणी नसेल. नव्या पाहुण्याला तेच, दुसऱ्याला तेच, शब्दही न बदलता. पाहुणे तिची नक्कल करून हसतात, आणि तरीही हसता हसता पोटात गोळा येतो. धमकी एकही नाही, सगळी माहिती खरी.

दुसरं म्हणजे तिला चालताना दाखवू नका. ही आयडिया माझी नाही, हिचकॉकची. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत त्याने सांगितलंय की डॅनव्हर्सला तो चालताना जवळजवळ दाखवतच नाही, नायिकेला आवाज येतो आणि वळून बघते तर ही तिथे उभीच. येताना दिसली असती तर माणूस वाटली असती. ज्युडिथ अँडरसनबाईंना त्या भूमिकेसाठी ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, चेहऱ्यावरची रेष न हलवता.

आणि तिसरं, तुम्ही पाठवलेल्या उताऱ्यात ती बाई दुष्ट का आहे ते पहिल्याच पानावर कळतं. तिला दुष्ट ठरवायची एवढी घाई कशाला? 'द अदर्स' नावाचा 2001 चा सिनेमा आहे, शेवट अजिबात सांगणार नाही, पण त्यातली मिसेस मिल्स पूर्ण वेळ आपल्याला संशयास्पद वाटते कारण आपण डॅनव्हर्स बघून आलेलो असतो, आणि सिनेमा नेमका आपल्या त्या सवयीवर खेळतो. तुमच्या गोष्टीतही वाचक आयता संशय घेऊन येणारे. त्याला घेऊ दे. तुम्ही फक्त बंगल्याच्या मालकाच्या टेबलाचा खण जरा उघडा ठेवा. आणि ती रोज दोन ताटं का वाढते ते शेवटपर्यंत सांगू नका, तुमच्या उताऱ्यातली ती एकच ओळ मला रात्री आठवत होती.

प्रश्न : 'यंग फ्रँकेन्स्टाइन'मध्ये फ्राऊ ब्ल्यूखर हे नाव घेतलं की घोडे खिंकाळतात. जर्मनमध्ये ब्ल्यूखर म्हणजे चिकटवायचा सरस, आणि सरस घोड्यांपासून करतात म्हणून, हे खरं का? (बडोदा)

नाही. छान थाप आहे पण थापच. ब्ल्यूखर हे साधं आडनाव आहे, 1815 ला वॉटर्लूत नेपोलियनवर चालून आलेला प्रशियन सेनापती त्याच नावाचा. सरसाला जर्मनमध्ये 'लाइम' म्हणतात. मेल ब्रूक्सने 1974 च्या त्या विनोदी सिनेमात एवढंच केलं की काळ्या कपड्यातली हाउसकीपर आली की विजा कडाडतात, कुत्री रडतात, ती सगळी जुनी सवय घेतली आणि घोड्यांच्या गळ्यात बांधली. फ्राऊ ब्ल्यूखर झालेली क्लोरिस लीचमन दारात मेणबत्ती घेऊन उभी राहते, मेणबत्ती पेटलेली सुद्धा नसते, आणि वर सांगते की जपून, जिना जरा धोक्याचा आहे. घोड्यांना जर्मन येत नाही हो, पण मिसेस डॅनव्हर्स त्यांनीही बघितलेली असणार.